कपाळावरच्या दोन पट्ट्या काय सांगतात, काय सांगत नाहीत

काटोलहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६८, संत्र्याची बाग सांभाळतात. सकाळी उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं गेलं. नागपुरात आणल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या नळीत गुठळी सापडली आणि मांडीतून तार घालून ती काढली. कॅथलॅबच्या, म्हणजे तार घालून उपचार करायच्या खोलीच्या, काचेतून मुलाला दिसलं ते असं: कपाळावर दोन पट्ट्या, आणि एका पडद्यावर डावीकडे ५६, उजवीकडे ६७. बोटाच्या क्लिपचा आकडा मात्र ९८. गुठळी निघाली असं सांगितल्यावरही डावीकडचा आकडा ५८ च्या वर गेला नाही. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ५६ वर ऑक्सिजन असताना कोणी घाबरलं कसं नाही? आकडा वाढला नाही म्हणजे उपचार फसला का? आणि ज्या दवाखान्यात हे यंत्र नाही, तिथे लकव्याचा पेशंट न्यावाच की नाही?

मी भूलतज्ज्ञ आहे आणि नागपुरात मेंदूच्या केसेसना भूल देण्याचंच काम करते, म्हणून मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या या पट्ट्या लावणाऱ्याच्या बाजूने उत्तर देते. आधी निकाल सांगून टाकते: ५६ हा घाबरण्याचा आकडा नव्हता, उपचार फसला की नाही हे त्या पडद्यावरून ठरत नाही, आणि यंत्र नाही म्हणून दवाखाना बदलायचा नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण तिथे पोहोचण्याआधी आकडा नीट समजून घ्यावा लागेल.

बोटाची क्लिप कोरोनाच्या काळात घराघरात आली. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये तिची युक्ती काढली. बोटातून प्रकाश जातो, पण यंत्र त्यातला फक्त ठोक्यासोबत हलणारा भाग मोजतं. हलतं ते रोहिणीतलं रक्त, म्हणजे फुप्फुसातून ताजा ऑक्सिजन घेऊन आलेलं. फुप्फुस बरं असेल तर ते ९६ ते १०० असायलाच हवं. तुमच्या बाबांची फुप्फुसं चांगली होती, म्हणून ९८.

कपाळावरची पट्टी ठोका बघतच नाही. १९७७ मध्ये फ्रान्स यॉब्सिस या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा प्रकाश कातडी आणि कवटी ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जाऊन परत येतो. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्या फरकावरून टक्केवारी निघते. पट्टीत एका टोकाला प्रकाश सोडणारा दिवा असतो आणि त्यापासून साधारण ३ आणि ४ सेंटिमीटरवर प्रकाश टिपणारे दोन डोळे. जवळच्या डोळ्याकडे येणारा प्रकाश जास्त करून कातडी-हाडातून येतो, लांबच्याकडचा थोडा खोलवर जाऊन येतो. पहिला दुसऱ्यातून वजा केला की मेंदूचा हिस्सा उरतो, अशी कल्पना. पूर्ण वजाबाकी होत नाही, हे आम्हाला माहीत असतं.

या पट्टीखाली जे रक्त आहे त्यात रोहिणी, केशवाहिन्या आणि नीला सगळं मिसळलेलं असतं. बहुतेक यंत्रं तीन हिस्से नीलेचं आणि एक हिस्सा रोहिणीचं रक्त असं धरून चालतात. म्हणजे रोहिणीत ९८ आणि मेंदूने आपला वाटा घेतल्यावर नीलेत ६० उरला असेल, तर मिश्रण साधारण ७० येतं. धडधाकट माणसाच्या कपाळाला पट्टी लावली तरी आकडा बहुधा ६० ते ७५ च्या दरम्यानच येईल. बोटाचा आकडा पुरवठ्याची प्रत सांगतो. कपाळाचा आकडा पुरवठा आणि वापर यांचा मेळ सांगतो. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के, म्हणून तिथे शिल्लक नेहमीच कमी दिसणार.

आम्ही सहसा दोन गोष्टींवर दचकतो: आकडा पेशंटच्या स्वतःच्या सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी घसरला, किंवा ५० च्या खाली गेला. ५६ यात बसत नाही. दोन बाजूंतला फरक मात्र लक्ष देण्याजोगा होता, आणि तो तुमच्या बाबांच्या आजाराशी जुळणाराही होता. आता इथे एक विचित्र गोष्ट आहे, जी नवीन रेसिडेंट डॉक्टरलासुद्धा पटकन पचत नाही. मेंदूचा तो भाग मरून गेला असता, तर आकडा ५६ च्या ऐवजी ७० येऊ शकला असता. मेलेली पेशी ऑक्सिजन वापरत नाही, मग शिल्लक भरपूर दिसते. मृतदेहाच्या कपाळाला पट्ट्या लावून बघितलेलं आहे, आणि काहींमध्ये आकडा चक्क जिवंत माणसासारखा आला. त्यामुळे कमी आकडा म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगला, हा हिशोब लकव्यात चालत नाही. कमी आकडा कधीकधी असंही सांगतो की तिथली पेशी अजून भुकेली आहे, म्हणजे जिवंत आहे.

दुसरी अडचण जागेची. पट्टी कपाळावर लागते, कारण तिथे केस नाहीत. काळ्या केसांतून हा प्रकाश धड आत जात नाही, आणि कानशिलावर चावण्याचा जाड स्नायू मध्ये येतो. कपाळामागे मेंदूचा पुढचा भाग आहे. तुमच्या बाबांची गुठळी मधल्या मोठ्या रोहिणीत होती. हाताची हालचाल आणि बोलणं समजण्याच्या जागा यांचा बराच भाग पट्टीच्या नजरेबाहेर, बाजूला आणि मागे राहतो, आणि मेंदूच्या पोटातले खोल भाग तर प्रकाशाच्या आवाक्यातच नाहीत, कारण तो कातडीपासून दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे फारसा जात नाही. मानेच्या मागून वर जाणाऱ्या नळ्यांमधला लकवा असेल, चक्कर, दुहेरी दिसणं, गिळता न येणं असा, तर कपाळाच्या पट्टीला त्याचा पत्ताही लागणार नाही. बागायतदाराला समजेल असं सांगायचं तर, फाटकाजवळच्या दोन झाडांखालची ओल बघून शेवटच्या ओळीतली ड्रिप सुरू झाली की नाही हे ठरवण्यासारखं आहे.

तेव्हा ५६ चा ५८ च झाला, यात उपचार फसल्याचा पुरावा नाही. नळी उघडली की नाही हे डाय सोडून घेतलेल्या अँजिओच्या चित्रावर दिसतं. पुढच्या फांद्यांमध्ये डाय किती पोहोचला यावर डॉक्टर 'टिकी' नावाची श्रेणी देतात. २बी किंवा ३ असेल तर नळी चांगली उघडली असं धरतात. तुमच्या फाइलमध्ये ती लिहिलेली असेल. आणि पेशंट किती सावरला, हे हात उचलता येतो का, शब्द निघतो का, यावर ठरतं.

मग पट्ट्या लावतोच कशाला? आमच्या कामासाठी. गुठळी काढणाऱ्या डॉक्टरांची नजर अँजिओच्या पडद्यावर असते. आमची नजर असते ती गुठळी निघेपर्यंत मेंदू तगेल ना, यावर. मोठी नळी बंद झाली की मेंदूचा काही भाग लगेच मरतो, पण त्याच्याभोवतीचा मोठा पट्टा आडवाटेच्या बारीक नळ्यांवर कसाबसा जगत असतो. मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवते, १० च्या आसपास गेलं की मरते. या दोन आकड्यांमधला जो पट्टा, तोच वाचवायचा असतो. आणि आडवाटेच्या नळ्यांना स्वतःचा जोर नसतो, त्या सगळ्या बीपीवर चालतात.

आता टेबलावर काय होतं बघा. पेशंट बेचैन आहे, डोकं हलवतो आहे, उलटी झाली आहे. पूर्ण भूल द्यायचं ठरतं. भुलेचं औषध, प्रोपोफॉल, शिरेत गेलं की मिनिटा-दोन मिनिटांत वरचं बीपी १७० वरून १०५ वर येऊ शकतं. बोटाची क्लिप तेव्हा १०० दाखवत असते, अगदी निर्धास्त. कपाळाचे दोन्ही आकडे मात्र उतरायला लागतात: ६४, ६०, ५५. बीपी वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा पंप वाढवला, बीपी १५० वर आलं, की आकडे परत चढतात. बीपीचा कफ दर अडीच-तीन मिनिटांनी फुगतो. कपाळाचा आकडा सलग दिसत असतो. ती मधली दोन मिनिटं मला पट्टीवर दिसतात, यासाठी ती मला आवडते. मनगटात रोहिणीची लाइन असेल तर बीपीही सलग दिसतं, पण अशा घाईत ती लाइन घालायला थांबायचं नसतं.

दुसरा प्रसंग याहून जास्त फसवा असतो. श्वासासाठी घशात नळी घातल्यावर कोणीतरी हाताने श्वास देणारा फुगा दाबत असतं, आणि घाईच्या केसमध्ये हात आपोआप जोरात चालतो. जास्त श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर. तो ३८ वरून २६ वर आला की मेंदूच्या नळ्या आकसतात. पाऱ्याच्या दर १ मिलिमीटरला रक्तप्रवाह साधारण ३ ते ४ टक्के बदलतो. बीपी छान, क्लिपवर १००, आणि मेंदू उपाशी. अशा वेळी कपाळाचा आकडा घसरला की मी आधी फुग्याकडे आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेषेकडे बघते, औषधाकडे नंतर. 'हळू, हळू दे' एवढं म्हटलं की बऱ्याचदा काम होतं.

आकडा पडला की बघायचा क्रम बहुतेकांचा सारखाच असतो. एकाच बाजूला पडला तर पट्टी सुटली का, मान वळून नीलेवर दाब आला का, आणि आत नळीत काही नवीन घडलं का, हे कॅथेटर धरलेल्या डॉक्टरांना विचारायचं. दोन्हीकडे पडला तर बीपी, कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन, फुप्फुस, ताप. यातल्या प्रत्येकावर हाताशी इलाज आहे, म्हणून हा क्रम उपयोगाचा.

बीपीवरून आठवलं. गुठळी निघाल्यावर नातेवाइकांची हमखास तक्रार असते की बीपी १६० आहे आणि सिस्टर काहीच करत नाही. ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. नळी उघडल्यावर बीपी १८०/१०५ च्या वर जाऊ देत नाहीत, रक्तस्राव होऊ नये म्हणून. पण फार खाली ओढणंही वाईट: २०२२ च्या एन्चँटेड-२ चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांची अवस्था बिघडली, आणि २०२३ च्या ऑप्टिमल-बीपी चाचणीत १४० च्या खाली ठेवलेल्यांचीही. इथे पट्टीचा एक मर्यादित उपयोग आहे. मानेतली फार अरुंद झालेली नळी स्टेंट टाकून उघडली आणि त्या बाजूचा आकडा एकदम वर उसळला, तर मेंदूत रक्ताचा लोंढा शिरतो आहे अशी शंका घेऊन बीपी आणखी खाली आणतात.

पट्टी लावण्याचं काम सोपं दिसतं, पण आपल्याकडे ते नजाकतीचं आहे. कपाळावर कुंकू, टिकलीचा गोंद, अष्टगंध, बुक्का, लकव्याचा झटका आल्यावर घाईघाईत चोळलेलं तेल, आणि मे महिन्यात ४५ अंशांतून अँब्युलन्समधून आलेला घाम. यातलं काहीही खाली राहिलं की पट्टी एका बाजूने उचलते, खोलीतला उजेड आत शिरतो आणि आकडा नाचायला लागतो. स्पिरिटने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, भुवईच्या वर आणि मधल्या रेषेपासून थोडं बाजूला लावायचं, कारण मधल्या रेषेखाली मोठी नीला असते आणि तिचं रक्त आकडा बिघडवतं. मग वरून कापड. आणि पहिला आकडा भुलेच्या आधी, पेशंट साध्या हवेवर असताना टिपायचा. तो नसेल तर पुढचे सगळे आकडे अर्धवट. कुंकू पुसायला घरच्यांची हरकत असते कधीकधी. आधी दोन शब्द बोलून घेतले तर कोणी नाही म्हणत नाही.

विदर्भापुरती आणखी एक बाब: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे तो असलेली मुलं बरीच आहेत आणि लकवा त्यांना लहानपणीच येऊ शकतो. त्यांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी, त्यामुळे कपाळाचा आकडा बऱ्या दिवशीही कमीच असतो. पुस्तकातला ६० त्यांना लावला तर उगाच धावपळ होते. त्यांचा धोका आधी ओळखायला वेगळी तपासणी आहे, कानशिलावरून करायची डॉप्लर. त्यात रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला तर नियमित रक्त चढवून पहिला लकवा बऱ्याच अंशी टाळता येतो, हे १९९८ च्या स्टॉप चाचणीने दाखवलं. घरात सिकलसेलचं मूल असेल तर २ ते १६ वर्षांच्या वयात ही डॉप्लर दरवर्षी करून घ्या. तीही सुईशिवाय होते, आणि तिचा फायदा पट्टीपेक्षा कितीतरी पक्का आहे.

पट्टीचा फायदा तितका पक्का का नाही, तेही सांगते. पट्ट्या लावलेले लकव्याचे पेशंट न लावलेल्यांपेक्षा जास्त बरे होतात, असं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. नुसतं मोजल्याने फायदा होईलच असं नसतं. अगदी कमी दिवसांच्या बाळांमध्ये हाच प्रयोग १६०० बाळांवर झाला, २०२३ मध्ये निकाल आला, आणि मेंदूचा आकडा बघून केलेले उपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. ऑक्सिजनचंही तसंच. लकवा म्हटलं की नाकाला नळी लावाच, असा आग्रह असतो. २०१७ साली ८००३ पेशंटवरच्या ब्रिटिश चाचणीत सरसकट ऑक्सिजन देऊन काही फायदा दिसला नाही. म्हणून बोटावर ९४ च्या खाली असेल तरच देतात. ज्यांची गुठळी काढतात अशा पेशंटना जास्त प्रवाहाने काही तास ऑक्सिजन दिल्यास फायदा होतो, असं चीनमधल्या २०२५ च्या एका चाचणीत दिसलं आहे. चांगली बातमी आहे, पण दुसऱ्या देशांत तसंच दिसेपर्यंत मी थांबेन.

आता तिसरा प्रश्न. दवाखाना निवडताना पट्ट्यांचा विचार डोक्यातून काढून टाका. मोठी नळी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात, असा २००६ मधला हिशोब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गुठळी ओढून काढणं सहा तासांपर्यंत, आणि निवडक पेशंटमध्ये स्कॅनवर वाचण्याजोगा भाग दिसला तर २४ तासांपर्यंत. ही मुदत २०१८ च्या दोन चाचण्यांनी वाढवून दिली. घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. तुमचे बाबा पहाटे पाचला बाथरूमला जाऊन आले होते आणि चालताना ठीक होते, हे कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांची वेळ पाचपासून धरता आली. नाहीतर आदल्या रात्री दहापासून धरावी लागली असती.

काटोलहून नागपूर तासा-दीड तासाचं आहे, थेट आणलंत ते योग्य. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडच्यांनी नागपुरातल्या रामदासपेठ-धंतोलीच्या दवाखान्यांच्या पाट्या आठवत थेट निघू नये. जवळ जिथे सीटी आहे आणि इंजेक्शन देतात, तिथे आधी. इंजेक्शन सुरू करून मग नागपूर. निघताना फोनवर विचारायचे प्रश्न तीनच: सीटी आत्ता चालू आहे का, इंजेक्शन आहे का, रात्री कॅथलॅबची टीम येते का. सोबत चालू औषधांच्या गोळ्यांची पाकिटंच घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी. सीटी होण्याआधी ॲस्पिरिन नको, कारण मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी हे बाहेरून कळत नाही. पाणीसुद्धा पाजू नका, श्वासनळीत जातं. आणि झाडपाल्याला, कबुतराच्या रक्ताच्या मालिशला जो अर्धा दिवस जातो, तो कोणतंही यंत्र परत आणत नाही.

घरासाठी हे यंत्र घेऊ नका. पट्ट्या एका पेशंटपुरत्या, काही हजारांच्या. आणि घरी आकडा ५५ आला तर तुम्ही करणार काय? त्यापेक्षा दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र घ्या आणि वहीत तारीख-वेळेसह लिहा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा चार गोष्टी विचारून घ्या: टिकी श्रेणी किती आली, २४ तासांनंतरच्या सीटीत काय दिसलं, मानेच्या नळ्यांचा डॉप्लर झाला का, आणि हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे बघायला होल्टर लावलं का. गुठळी हृदयातून आली असेल तर गोळी वेगळी लागते, आणि दुसरा झटका टाळायचा तर हा शेवटचा प्रश्न आधी विचारा.